नीटच्या निकालापासून डिसेक्शन हॉलपर्यंत: सरकारी मेडिकलला निघालेल्यांसाठी

निकाल लागला की दोन दिवसांत ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. “पोरीला चांगले मार्क पडलेत, आता नाशिकला कधी जायचं?” नाशिकला जायचंच नसतं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे हे खरं, म्हसरूळला दिंडोरी रोडवर. १९९८ साली ते स्थापन झालं आणि राज्यातली मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, नर्सिंगची कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. पण विद्यापीठ परीक्षा घेतं आणि डिग्री देतं, प्रवेश देत नाही. प्रवेश देतो तो मुख्यतः मुंबईतला सीईटी सेल (राज्याचा सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष), आणि शिकवतं ते कॉलेज. पाच-साडेपाच वर्षांत नाशिकचं तोंडही न बघता डॉक्टर झालेले माझ्याच बॅचमध्ये कितीतरी आहेत.

मी मराठी माध्यमातून आलो, सरकारी कॉलेजात एमबीबीएस केलं. दर पावसाळ्यात गावाकडच्या चार-दोन पोरांचे फॉर्म माझ्या खोलीत बसून भरले जातात. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. नीटचा रँक एकदा लागला की तो वाढत नाही. त्यानंतर हातची जागा जाते ती कागदामुळे, नाहीतर पसंतीक्रम भरताना केलेल्या हुशारीमुळे. म्हणून हा लेख अभ्यास कसा करावा यावर नाही.

पहिली पायरी: कागद, आणि तेही अकरावीपासून

नीटची जुजबी माहिती तुमच्याकडे असणारच: एनटीए ही केंद्राची संस्था परीक्षा घेते, १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. हे झालं.

आता कागद. राज्याच्या कोट्यातून जागा हवी असेल तर साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी, शिवाय अधिवासाचा दाखला हवा. आपल्याकडे तो ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’ असा एकत्र मिळतो. सेतूत किंवा महा ई-सेवा केंद्रात अर्ज करा. जून-जुलैत तिथे रांग दारापर्यंत येते आणि सर्व्हर दुपारी झोपतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत उरकून टाका.

आरक्षणातून अर्ज करणार असाल तर जातीच्या दाखल्याने भागत नाही, व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) लागते. जात पडताळणीची फाइल बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत द्या. वडिलांच्या, आजोबांच्या शाळेतल्या नोंदी, वंशावळीचं शपथपत्र, रक्ताच्या नात्यातल्या कुणाची आधीची व्हॅलिडिटी असेल तर तीही. यात महिने जातात. त्रुटी निघाली तर आजोबांच्या शाळेत जाऊन जुनं रजिस्टर उघडायला लावायचं असतं, आणि ती शाळा बहुधा दुसऱ्याच तालुक्यात असते. “मुदतवाढ मिळते हो दरवर्षी” असं सांगणारे भेटतील. त्यांच्या भरवशावर पाच वर्षांचं करिअर ठेवू नका. नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्याचं वेगळं: त्याला मुदत असते, ३१ मार्चला तो संपतो, त्यामुळे तो चालू वर्षाचा आहे ना हे तारखेवर बोट ठेवून तपासा.

इथे एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. देशपातळीवरच्या कोट्यासाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखले केंद्राच्या नमुन्यात लागतात, राज्यासाठी राज्याच्या. एकाच घरात, एकाच मुलासाठी, दोन वेगळे कागद. आणि एसईबीसीचं (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण राज्यातच आहे. केंद्राच्या यादीत तसा प्रवर्ग नाही.

मग नावाचा घोळ. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचं नाव ‘बाबुराव’, दुसरीकडे नुसतं ‘बाबू’. माझ्या एका मित्राच्या कागदांवर त्याच्या आईच्या नावाची तीन स्पेलिंग होती. तपासणीच्या दिवशी त्याला काउंटरवरून परत पाठवलं, बाहेर धावत जाऊन स्टॅम्प पेपरवर शपथपत्र करून आणावं लागलं, आणि खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना तो घामाघूम परत आला. नीटचा फॉर्म भरताना दहावीची मार्कशीट समोर ठेवा आणि तिच्यावर जसं आहे तसं, अक्षरन् अक्षर, उतरवा.

नीटच्या फॉर्मवर लावलेल्या फोटोच्या पंधरा-वीस प्रती काढून पाकिटात ठेवा, तोच फोटो पुढे लागत राहतो. आणि मोबाइल नंबर, ईमेल स्वतःचाच द्या. नेट कॅफेवाला घाईत स्वतःचा ईमेल टाकतो, मग ऑगस्टमध्ये ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो गणपतीला कोकणात गेलेला असतो.

दोन रांगा

सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्याच्या. त्या दिल्लीची एमसीसी (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) भरते. उरलेल्या ८५ टक्के सीईटी सेल भरतो. शंभर जागांचं कॉलेज असेल तर पंधरा आणि पंच्याऐंशी, असा हिशेब. दोन्हीकडे वेगळी नोंदणी, वेगळी फी, वेगळं वेळापत्रक. दोन्हीकडे करा. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेता बाहेर पडता येतं. पुढच्या फेऱ्यांत मात्र तिकडे जागा घेतली की राज्याच्या रांगेतून नाव जाऊ शकतं, तेव्हा त्या टप्प्यावर नियमपुस्तिका उघडल्याशिवाय बटण दाबू नका. पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलाचं मेडिकल कॉलेज, नाशिकच्याच विद्यापीठाशी जोडलेलं आहे, पण त्याचा मार्ग एमसीसीच्या नोंदणीतून जातो आणि पुढे त्यांची वेगळी चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी असते. सेवाग्रामच्या कॉलेजात जायचं असेल तर खादी घालायची तयारी ठेवा. तिथे सुरुवातच आश्रमातल्या शिबिराने होते.

सीईटी सेलच्या एकाच नोंदणीत एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, फिजिओथेरपी असे गट येतात. पसंतीक्रम मात्र गटागटाने वेगवेगळ्या वेळी भरायचे असतात. बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी.

आणि एक जुनं भूत. पूर्वी आपल्याकडे ७०:३० चं सूत्र होतं: विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र, ज्या भागात शिकलात तिथल्या ७० टक्के जागा तुमच्या. २०२० मध्ये ते रद्द झालं. गावातले काका-मामा अजूनही “आपल्या मराठवाड्याचा कटऑफ वेगळा” असं छातीठोक सांगतात. त्यांना चहा द्या, सल्ला घेऊ नका.

पसंतीक्रम

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या हुशार मुलांच्या होतात. गेल्या वर्षीचा कटऑफ पाहून “जेजे आपल्याला मिळणारच नाही, उगाच कशाला वर लिहा” म्हणून ते कॉलेज खाली सरकवतात किंवा गाळतात. संगणक तुमचा क्रमांक आला की तुमच्या यादीत वरून खाली बघत येतो आणि जिथे पहिली रिकामी जागा दिसेल तिथे थांबतो. वर लिहिलेलं कॉलेज मिळालं नाही म्हणून खालच्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणजे क्रम लावायचा तो मनातल्या इच्छेचा, कटऑफचा नाही. कटऑफ बघायचा तो एवढ्यासाठीच की यादी पुरेशी खोल गेली आहे ना.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. ज्या कॉलेजची फी झेपणार नाही ते ‘असू दे शेवटी’ म्हणून लिहू नका. लिहिलंत आणि मिळालं, तर ते मिळालेलंच धरतात.

कोणतं कॉलेज वर, कोणतं खाली? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. जुनं कॉलेज म्हणजे भरलेले वॉर्ड. मुंबईचं ग्रँट मेडिकल (तेच जेजे) १८४५ चं, जीएस मेडिकल १९२६ चं, नागपूरचं १९४७ चं, छत्रपती संभाजीनगरचं १९५६ चं, अंबाजोगाईचं १९७४ चं. तिथे पेशंट शोधावा लागत नाही. पेशंटमधून वाट काढावी लागते. गडचिरोली, हिंगोली, वाशीम यांसारखी नवी कॉलेजं गेल्या काही वर्षांतली आहेत. तिथे इमारत, हॉस्टेल, शिक्षक हे सगळं बसतं व्हायला वेळ लागतो. पण बॅच लहान, शिक्षक नावाने ओळखतात, आणि घर जवळ असेल तर पहिल्या वर्षी त्याचा आधार मोठा. यादी लावण्याआधी त्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाशी बोला आणि तीनच प्रश्न विचारा: हॉस्टेल सगळ्यांना मिळतं का, पाणी किती वाजता येतं, ओपीडीला रोज गर्दी असते का. वेबसाइटवर यातलं काही नसतं.

जाताजाता: रिक्षावाल्याला कॉलेजचं लांबलचक नाव सांगू नका, त्याला ते कळत नाही. पुण्यात ‘ससून’, संभाजीनगरात ‘घाटी’, नागपुरात ‘मेडिकल’ नाहीतर ‘मेयो’ (ही दोन वेगळी कॉलेजं आहेत, पहिल्या दिवशी चुकू नका), कोल्हापुरात ‘सीपीआर’, सोलापुरात ‘सिव्हिल’, अंबाजोगाईत ‘स्वाराती’.

जागा मिळाली, पुढे?

दिलेल्या मुदतीत कॉलेजात प्रत्यक्ष हजर व्हायचं. फाइलमध्ये नीटचं प्रवेशपत्र आणि निकाल, दहावी-बारावीचे कागद, एलसी (शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला), अधिवास, जातीशी संबंधित सगळं, ठरलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, शिक्षणात मध्ये गॅप असेल तर त्याचं शपथपत्र. मूळ कागद कॉलेज जमा करून घेतं. त्याआधी प्रत्येकाचं स्कॅन आणि झेरॉक्सचे किमान चार संच. फी ऑनलाइन की डीडी, हे फोन करून आधी विचारा. शनिवारी बँकेत डीडी काढायला गेलेल्या बापाचा चेहरा मी पाहिलेला आहे.

मग येतो ‘स्टेटस रिटेन्शन’ नावाचा अर्ज. मिळालेली जागा आवडली, पुढच्या फेरीत जायचं नाही, तर तो भरून द्यायचा. नाही भरला तर तुम्ही पुढच्या फेरीत आहातच, आणि वरच्या पसंतीचं कॉलेज लागलं की आधीची जागा आपोआप रद्द. आमच्या बॅचच्या एका मुलीचं असंच झालं. ती विदर्भातल्या कॉलेजात रमली, मैत्रिणी झाल्या, गादीसुद्धा घेतली. अर्ज भरायचा राहिला. दुसऱ्या फेरीत तिला पार दुसऱ्या टोकाचं कॉलेज लागलं, जे तिने उगाच वर लिहिलं होतं. मूळ कागद परत घेऊन, गादी रूममेटला विकून, ती रेल्वेत बसली. पुढे तिथेही रमली, पण तो आठवडा तिला आजही आठवतो.

पैशाचं आणि बाँडचं

सरकारी कॉलेजची फी खासगीच्या मानाने खूप कमी, पण आता वर्षाला लाखाच्या घरात गेली आहे. म्हणून महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्याच महिन्यात भरा. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश घेतलेला हवा. हॉस्टेलच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे. पैसे खात्यावर येतात ते आधार बँकेला जोडलेलं असेल तरच. अर्ज मंजूर होऊनही पैसे न येण्याचं कारण दहातल्या आठ वेळा मला तेच दिसलंय.

आणि बाँड. सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्षाची सरकारी सेवा, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे. प्रवेशाच्या दिवशी पन्नास कागदांवर सह्या करताना हाही एक असतो. वाचून करा.

हॉस्टेल

कुलूप दोन, बादली-मग, एक्स्टेंशन बोर्ड, टॉर्च, मच्छरदाणी, घरचं पांघरूण. विदर्भात जाणार असाल तर मार्चच्या आत कूलरची सोय लावा, एप्रिलमध्ये सेकंडहँडचाही भाव चढतो. गादी तिथेच घ्या. पुस्तकं पहिल्या आठवड्यात विकत घेऊ नका; सीनियरकडून जुनी मिळतात, हाडांचा सेटही त्यांच्याकडूनच हातोहात येतो. एप्रन दोन शिवा. मेसचं जेवण कसं असेल ते मी सांगत नाही, लोणच्याची बरणी मात्र मोठी आणा.

रॅगिंगबद्दल स्पष्ट. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, आणि प्रवेशाच्या वेळी तुम्ही व पालक दोघांकडून हमीपत्र घेतात. सीनियरने नाव-गाव विचारणं, चहा पाजणं, नोट्स देणं वेगळं. रात्री खोलीत बोलावून उभं करणं, कपड्यांवरून, जातीवरून, रँकवरून बोलणं वेगळं. “सगळ्यांनीच सहन केलंय” हे ऐकू आलं की समजा, सहन करायची गरज नाही. १८००-१८०-५५२२ हा यूजीसीचा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये आजच टाका. कोटा, प्रवर्ग, माध्यम यावरून टोमणे अजूनही ऐकू येतात, आणि ते बहुधा हसत हसत मारले जातात. तारीख, वेळ, कोण होतं, हे वहीत लिहून ठेवा. तक्रार करावी लागली तर तेच कामी येतं.

फर्स्ट इयर

सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो, मग ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री. डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे शवविच्छेदन शिकायच्या दालनात, पाऊल टाकलं की आधी डोळे झोंबतात. मृतदेह टिकवायचं फॉर्मालिन. नाकापेक्षा डोळ्यांनाच ते जास्त कळतं. पहिल्या दिवशी देहदान केलेल्या माणसासमोर शपथ घेतात, त्यानंतर टेबलं वाटली जातात, रोल नंबरप्रमाणे. कुणाला चक्कर येते, त्यात लाज नाही. उपाशीपोटी जाऊ नका, एवढंच. तो वास हातांना धरून राहतो आणि पहिले आठ दिवस मेसमधली चपाती नाकाजवळ आली की घास थांबतो. नवव्या दिवशी तुम्ही तिसरी चपाती मागता.

फिजिओलॉजीच्या प्रॅक्टिकलला हिमोग्लोबिन मोजायला स्वतःचंच बोट टोचावं लागतं. भित्री मुलं हळूच टोचतात, रक्त येत नाही, मग दाबतात, मग पुन्हा टोचतात. एकदाच, बोटाच्या टोकाच्या कडेला, झटक्यात.

हजेरी थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के. कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि जानेवारीत बाबांना कॉलेजात आणून भागत नाही. पहिलं वर्ष पार करायला चार प्रयत्न, आणि सगळा एमबीबीएस नऊ वर्षांत संपवायचा. आकडे घाबरवायला सांगत नाही. फर्स्ट इयरला अडकणारी मुलं मला भेटली ती बहुतेक ऑक्टोबर ते डिसेंबर ‘नंतर वाचू’ म्हणणारी. अकरा महिन्यांच्या आत सगळं येऊन आदळतं.

माध्यमाबद्दल. मराठी शाळेतून आलेल्या मुलाची पहिली व्हायवा (तोंडी परीक्षा) म्हणजे काय असतं ते मी जाणतो. सर विचारतात तो स्नायू समोर दिसतोय, त्याचं काम माहीत आहे, आणि वाक्य तयार होत नाही. यावर मला उपयोगी पडलेली एकच युक्ती: रोज रात्री रूममेटसमोर एक विषय तीन मिनिटं इंग्रजीत मोठ्याने बोलायचा. व्याकरण गेलं खड्ड्यात. महिनाभर तो हसला, मग तोही बोलायला लागला, कारण त्याचीही तीच गत होती.

वॉर्डात गेल्यावर मात्र पारडं फिरतं. बाई सांगते, “पोटात कळ मारून येते, ढाळ लागलेत, डोळ्यांपुढं अंधारी येती.” शहरी कॉन्व्हेंटचा मित्र तुमच्याकडे बघतो. अहो, ढाळ म्हणजे जुलाब, तुम्ही सांगता. त्या दिवशी तुम्हाला कळतं की हिस्ट्री घेणं, म्हणजे पेशंटला विचारून आजाराची माहिती काढणं, हे अर्धं भाषेचं काम आहे. पहिल्या दिवसापासून एक छोटी वही करा. पेशंट जसं बोलतात तसं, त्यांच्याच शब्दांत, उतरवत जा. गाव बदललं की शब्द बदलतात. धुळ्याचा शब्द सिंधुदुर्गात चालत नाही.

याच वर्षी खेड्यातली काही कुटुंबं तुम्हाला ‘दत्तक’ दिली जातात. ठरावीक दिवशी बस भरून जायचं, घरोघरी बसून वजन, बीपी, कोण आजारी, पाणी कुठून येतं, हे लिहायचं. मुलं याला सहल समजतात. पण ओट्यावर बसलेली आजी एप्रन बघून लगेच गोळ्यांची पिशवी सोडते आणि विचारते, “डॉक्टर, ही पांढरी सकाळी घ्यायची का रातच्याला?” तुम्ही अजून फार्माकॉलॉजीचं पहिलं पानही उलटलेलं नसतं. “आजी, मी अजून शिकतोय” असं सांगा, गोळीच्या पाकिटाचा फोटो काढा, सोबत आलेल्या मॅडमना दाखवा आणि उत्तर घेऊन त्याच दुपारी परत त्या घरी जा. आजी पुढच्या भेटीला तुमची वाट बघत असते, आणि बहुतेक वेळा शेंगा भाजलेल्या असतात.